अकरा टक्के

आकडा आला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. 11.2. मी तो दोनदा वाचला, उगाचच उठून खिडकी उघडली, परत येऊन पुन्हा वाचला.

तीन वर्षं जिच्या मागे होते ती कल्पना अखेर चालली होती, प्रोग्राम 11.2 टक्क्यांनी वेगवान झाला होता. कल्पना तशी साधी. प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट आणत बसत नाही, 64 बाइटांचा तुकडा एकदम उचलून आणतो. तेव्हा ज्या गोष्टी एकत्र लागतात त्या मेमरीत शेजारी शेजारी ठेवल्या तर फेऱ्या वाचतात. कपाट लावताना आपण हेच करतो. फक्त मला हे कपाट कंपायलरकडून, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशिनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामकडून, लावून घ्यायचं होतं. प्रोग्राम वाचून कोण कोणाबरोबर लागतं ते त्याचं त्यालाच कळावं आणि मांडणी त्यानेच बदलावी. कंपायलरचा तो भाग लिहिण्यात दीड वर्ष गेलं. तो भाग चांगला चालणारा प्रोग्राम बिघडवून ठेवत नाही ना, हे बघण्यात उरलेलं दीड.

अकरा टक्के म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. ‘फक्त अकरा?’ असं घरचे विचारतात. पण प्रोसेसर आणि कंपायलर यांच्या सीमेवरच्या या पट्टीत गेली कित्येक दशकं हुशार माणसं नांगरणी करून गेलेली आहेत. इथे दोन टक्के मिळाले तरी माणूस गालातल्या गालात हसतो. अकरा मिळाल्यावर मी झोपलेच नाही. पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा, पहिला परिच्छेद मनात लिहीत राहिले.

आमच्या लॅबमध्ये दोन मोठी मशिनं होती. एकाचं नाव ससा, दुसऱ्याचं कासव. ससा सगळ्यांच्या सगळ्या कामांसाठी. कासव फक्त मोजमापासाठी. आजचा प्रोसेसर लहरी असतो. थंड असला की वेग वाढवतो, तापला की कमी करतो, एका कोरवर दोन कामं चढवून दोघांनाही अर्धवट न्याय देतो. त्याच्यावर काही मोजायचं तर आधी त्याची हौस मोडावी लागते. कासवाचा टर्बो बंद होता, घड्याळाचा वेग एका आकड्याला बांधून टाकलेला होता, आणि एका वेळी एकालाच ते वापरता यायचं. खोलीच्या दाराला दोरीने एक वही अडकवलेली होती. कोणी किती ते किती वापरलं, ते तिच्यात लिहायचं. लाखोंच्या संख्येत हिशेब करणाऱ्या मशिनचं वेळापत्रक पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे.

कासवावर आणखी एक सोय आम्ही बंद केली होती. ऑपरेटिंग सिस्टिम एरवी प्रत्येक वेळी प्रोग्रामला मेमरीत नव्या जागी बसवते, म्हणजे हल्ला करणाऱ्याला पत्ता आधीपासून ठाऊक नसावा. सुरक्षेसाठी हे उत्तमच. पण जागा बदलली की आकडे थोडे हलतात, आणि हलणारे आकडे पेपरात वाईट दिसतात. म्हणून कासवावर प्रोग्राम रोज त्याच जागी बसायचा.

त्यामुळे माझे अकरा टक्के काही एकदाच आले नव्हते. तीस वेळा आले होते. 11.2, 11.1, 11.2, 11.3. ग्राफवर अनिश्चितता दाखवायची जी उभी दांडी असते ती इतकी आखूड होती की ठिपक्याखाली झाकली जात होती. एवढा शिस्तीचा निकाल मी तोवर दुसऱ्या कोणाच्याही ग्राफमध्ये पाहिला नव्हता.

सरांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. हे लक्षण चांगलं नसतं.

“छान आहे गं. दुसऱ्या कोणी चालवून बघितलंय का?”

“सर, तीस वेळा चालवलंय.”

“तीसही वेळा तूच ना?”

मला राग आला. तीन वर्षांनंतर एक आकडा हाती लागला आणि हा प्रश्न! पण सरांच्या प्रश्नाला उत्तर देईपर्यंत ते पुढचं बोलत नाहीत, हेही ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावर एक मुलगा बसायचा, माझ्यापेक्षा एक वर्षाने ज्युनिअर. बोलायचा कमी. त्याला म्हटलं, तुझ्या लॉगिनवरून एकदा चालव रे, अर्ध्या तासाचं काम आहे. पेपर येणार तर त्याचंही नाव आभारात घालू, असा उदार विचारही तेव्हा मनात येऊन गेला.

तासाभराने तो खुर्ची न वळवताच म्हणाला, “ताई, 1.9 येतंय.”

“काहीतरी चुकलं असेल तुझं.”

“हो, असेल.” मग जरा वेळाने, “परत चालवलं. 1.9.”

पुढचे चार दिवस आम्ही दोघं काय करत होतो हे आता आठवलं की हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. तोच प्रोग्राम, शेवटच्या बिटापर्यंत तोच. दोन्हीकडचा चेकसम, म्हणजे फाइलीत जरा फरक पडला तरी बदलणारा आकडा, जुळवून पाहिला. तेच मशिन, तोच इनपुट, तीच स्क्रिप्ट. मी चालवला की अकरा, त्याने चालवला की दोनाच्या आत. माझ्या फोल्डरमधून त्याने चालवला, त्याच्या फोल्डरमधून मी. आकडा थोडा इकडेतिकडे होई, पण एकूण तो माणूस पाहून बदलत होता. मशिनला माझ्याविषयी काही आपुलकी आहे की काय, असं एका रात्री मी खरोखर म्हणाले.

संशय कोणावर घ्यायचा, हा आमच्या क्षेत्रातला जुना प्रश्न आहे. 1961 मध्ये एडवर्ड लोरेन्झ एमआयटीत हवामानाचं एक छोटं गणित कॉम्प्युटरवर चालवत होते. मधूनच पुन्हा सुरू करायचं म्हणून त्यांनी आधीच्या छपाईतला आकडा टाइप केला, 0.506. मशिनच्या पोटात तो 0.506127 होता, कागदावर तीनच घरं छापली जात. काही वेळाने दोन हवामानं एकमेकांना ओळखेनाशी झाली. लोरेन्झ यांचा पहिला संशय मशिनवर गेला: एखादी व्हॅक्युम ट्यूब गेली असणार. मशिन निर्दोष निघालं. सुरुवातीच्या एवढ्याशा फरकाने सगळं पुढचं बदलू शकतं, हे त्या ट्यूबच्या शोधात हाती लागलं.

उलट टोकाला थॉमस नाइसली. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात गणित शिकवायचे. जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते, म्हणजे 11 आणि 13, 17 आणि 19 अशा जोड्या घेत लाखो कोटींच्या घरात जायचं. ही बेरीज अनंतापर्यंत गेली तरी एका मर्यादेत राहते हे 1919 मध्येच सिद्ध झालेलं. नाइसलींना तिची किंमत अधिकाधिक घरांपर्यंत हवी होती. जून 1994 मध्ये त्यांना दिसलं की नव्या पेंटियम मशिनचं उत्तर जुन्या मशिनांशी जुळत नाही. आणि हा गृहस्थ पुढचे चार महिने काय करतो, तर स्वतःवर संशय घेतो. आपला प्रोग्राम चुकला असेल. मग कंपायलर. मग मदरबोर्ड. एकेक नाव खोडत खोडत शेवटी उरला प्रोसेसर. इंटेलने भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता बसवला होता त्यातल्या 5 नोंदी राहून गेल्या होत्या. 4195835 ला 3145727 ने भागलं तर 1.3338 यायला हवेत, ते यायचे 1.3337. कंपनीचं सुरुवातीचं म्हणणं असं की सामान्य माणसाला ही चूक 27,000 वर्षांत एकदा भेटेल. डिसेंबरात चिपा बदलून द्यायचं कबूल करावं लागलं, आणि या प्रकरणापोटी 47 कोटी 50 लाख डॉलरची तजवीज हिशेबात दाखवावी लागली.

मला नाइसलींचे ते चार महिने फार मोठे वाटतात. चूक सापडली त्या दिवसाचं कौतुक सगळेच करतात. पण जूनमध्ये आकडा जुळत नाही असं दिसल्यावर ऑक्टोबरपर्यंत गप्प बसून आधी स्वतःचा कोड पुन्हा वाचणं... माझ्याच्याने चार दिवस निघेनात.

आमच्या गोष्टीत मशिनही बरोबर होतं आणि प्रोग्रामही. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा पहिल्यांदाच खुर्ची वळवून म्हणाला, “ताई, तुझं लॉगिन नाव लांब आहे.”

“मग?”

“काही नाही. बाकी सगळं सारखं आहे. फरक तेवढाच उरलाय.”

माझं लॉगिन नाव नऊ अक्षरांचं. त्याचं चार.

प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या हाती एक शिदोरी देते: वापरणाऱ्याचं नाव काय, त्याचं घरचं फोल्डर कुठलं, आत्ता तो कुठे उभा आहे, असल्या किरकोळ माहितीची. ही शिदोरी मेमरीतल्या स्टॅकच्या अगदी वरच्या टोकाला ठेवली जाते आणि तिच्या खालून प्रोग्रामचा स्वतःचा स्टॅक, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या गोष्टी ठेवायची जागा, सुरू होतो. शिदोरी मोठी, तर स्टॅक तेवढा खाली सरकतो. माझं नाव त्या शिदोरीत पाच-सहा ठिकाणी येत होतं. पाच अक्षरं जास्त, गुणिले पाच-सहा ठिकाणं. माझा स्टॅक त्याच्यापेक्षा थोडा खाली बसत होता. सरकणंही हवं तसं नाही, 16-16 बाइटांच्या पायऱ्यांनी.

सरकला तर सरकला, बिघडलं कुठे? तर प्रोसेसर घाईत असतो. मेमरीतून काही वाचायचं असेल तर आधी बघावं लागतं, की याच जागी लिहायचं एखादं काम अजून पुरं व्हायचं राहिलंय का. हे बघताना तो पूर्ण पत्ता ताडून बघत नाही. शेवटचे 12 बिट पहिल्यांदा बघतो. नुसतं पाळण्यातलं नाव ऐकून, आडनाव न विचारता, ‘अरे, हा तोच’ म्हणून माणूस थांबतो तसा तो थांबतो. मग कळतं की हा तो नव्हे, आणि काम पुढे सरकतं. नुकसान प्रोसेसरच्या घड्याळाच्या काही मोजक्या चक्रांचं. पण ही गल्लत सर्वांत आतल्या, कोट्यवधी वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये झाली, तर प्रोग्राम डोळ्यांना दिसेल इतका मंदावतो.

माझ्या नावाच्या लांबीने मूळ प्रोग्रामचा स्टॅक नेमका अशा जागी नेऊन ठेवला होता. माझा बदल केलेला प्रोग्राम तेवढ्याने वाचत होता, कारण बदलाने आतली मांडणी केसभर हलली होती. मी मूळ प्रोग्रामपेक्षा वेगवान झाले नव्हते. मूळ प्रोग्राम खड्ड्यात पडला होता आणि मी शेजारून गेले होते.

खात्री करायची पद्धत बालिश होती. शिदोरीत एक निरर्थक नाव घालायचं, क्ष म्हणा, आणि त्यापुढे एकच अक्षर गिरवत जायचं. दर वेळी सोळा अक्षरं वाढवायची आणि पुन्हा मोजायचं. शेवटचे 12 बिट म्हणजे 4096 बाइट. भागिले 16, म्हणजे 256 जागा. दोन्ही प्रोग्राम, प्रत्येक जागी तीस वेळा. वहीत कासवावर अडीच दिवस आमचं नाव लागलं आणि बाकीच्यांनी डोळे वटारले. ग्राफ आला तो असा: लागलेल्या वेळेच्या दोन जवळजवळ सपाट रेषा, एकीला चिकटूनच दुसरी, आणि प्रत्येकीवर एका ठिकाणी सुळका. दोन सुळके अगदी शेजारच्या खणांत. माझं नाव दोन-तीन अक्षरांनी लांब असतं, तर सुळक्याची अदलाबदल झाली असती आणि तीस वेळा, काटेकोरपणे, ठिपक्याखाली दांडी लपेल इतक्या शिस्तीत, माझी कल्पना प्रोग्राम हळू करते असं सिद्ध झालं असतं. ती कल्पना मी त्याच रात्री सोडून दिली असती.

हे मला अजूनही जास्त बोचतं. खोटा विजय कोणीतरी कधीतरी पकडतं. खोटा पराभव कोण तपासणार?

आणि आकडे हलू नयेत म्हणून बंद केलेली ती सोय! ती चालू असती तर प्रोग्राम दर वेळी वेगळ्या जागी बसला असता, सुळका अधूनमधून दिसला असता, दांडी लांबलचक आली असती, आणि मला पहिल्याच रात्री शंका आली असती. आम्ही मोजमाप स्थिर केलं होतं आणि त्याबरोबर चूकही स्थिर करून टाकली होती. तीस बाण एकाच भोकात, आणि भोक लक्ष्याच्या हातभर बाजूला.

सगळं सांगून झाल्यावर सर म्हणाले, “यावर एक पेपर आहे ना?” होता. 2009 मधला. चार संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं होतं: शिदोरीचा आकार बदलला, किंवा प्रोग्रामच्या फाइली जोडण्याचा क्रम बदलला, एवढ्यानेच निष्कर्ष उलटू शकतो. त्यांनी त्या काळातले 133 पेपर तपासले. त्यातल्या एकानेही या गोष्टीचा पुरेसा बंदोबस्त केलेला नव्हता. मी टेबलाचा खण उघडला. पहिल्या वर्षी वाचायला दिलेल्या गठ्ठ्यात तो पेपर होता. मी तो वाचलेला होता. समासात माझ्याच अक्षरात ‘महत्त्वाचं’ असं लिहून दोन रेघाही मारलेल्या होत्या.

256 जागांची सरासरी काढल्यावर माझ्या तीन वर्षांच्या कामाची सुधारणा 1.6 टक्के भरली. डेडलाइनला नऊ दिवस होते.

“मग यावेळी नको,” सर म्हणाले. पुढे काही नाही. मला वाटलं होतं समजावतील, निदान रागावतील. ते दुसऱ्या कोणाच्या तरी थिसिसची पानं उलटायला लागले.

आमच्या परिषदांची डेडलाइन बऱ्याचदा पृथ्वीवर सगळ्यात उशिरा मावळणाऱ्या दिवसाच्या हिशेबाने असते, म्हणजे जागतिक वेळेच्या 12 तास मागे. त्या पट्ट्यात बेकर आणि हाउलंड अशी दोन बेटं आहेत, दोन्ही निर्मनुष्य. जगभरचे संशोधक वर्षातून दोन-तीनदा, जिथे माणूसच राहत नाही अशा बेटाच्या घड्याळावर जगतात. त्या वर्षी मी पेपर पाठवणार नव्हते, तरी त्या घड्याळात बारा वाजेपर्यंत जागी होते. अकरा टक्केवाला मसुदा संगणकात तसाच होता. पाठवला असता तर बहुतेक स्वीकारला गेला असता. तपासायला घेणाऱ्याचं लॉगिन नाव किती अक्षरांचं आहे यावर पुढचं अवलंबून राहिलं असतं.

खरं सांगायचं तर 1.6 टक्क्यांना कुठे जागाच नसते. आकडा खरा आहे, त्यामागे 256 गुणिले तीस गुणिले दोन इतकी मोजमापं आहेत, पण परीक्षक लिहितात ‘सुधारणा माफक’. आणि त्यांचंही चूक म्हणवत नाही, एका बैठकीत पंधरा-वीस पेपर वाचणाऱ्याला ठळक आकडाच दिसणार. 2013 मध्ये एका गटाने प्रोग्राम चालू असतानाच त्याची मेमरीतली मांडणी पुन्हा पुन्हा विस्कटणारी यंत्रणा तयार केली आणि तिच्यावर एका नावाजलेल्या कंपायलरच्या, प्रोग्राम अधिकाधिक वेगवान करण्यासाठी असलेल्या, पायऱ्या मोजल्या. तिसरी पायरी दुसरीपेक्षा वेगवान आहे, असं त्या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येईना. आम्ही सगळे ती तिसरी पायरी वर्षानुवर्षं श्रद्धेने लावत आलो होतो. अजूनही लावतो.

हल्ली बऱ्याच परिषदा पेपरसोबत कोड आणि डेटा मागवून तपासून घेतात. याची सुरुवात आमच्या क्षेत्रात फार जुनी नाही, आणि शब्दांचा घोळ तर असा की त्याच गटाने पुन्हा करणं, त्याच साहित्यावर दुसऱ्याने करणं आणि सगळं नव्याने उभारून करणं यांना काय म्हणायचं, यातल्या दोन इंग्रजी संज्ञा एसीएम या आमच्या मोठ्या संघटनेला 2020 मध्ये चक्क आपापसांत बदलून घ्याव्या लागल्या. इतर विज्ञानशाखा त्या उलट्या अर्थाने वापरत होत्या.

माझी कल्पना पुढे दुसऱ्या जातीच्या प्रोग्रामवर बरी चालली, चार टक्क्यांच्या आसपास, सर्व जागांची सरासरी धरून. एकदा नाकारला जाऊन दुसऱ्यांदा पेपर आला. थिसिसच्या परिशिष्टात तो दोन सुळक्यांचा ग्राफ आहे. तोंडी परीक्षेत त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

तो मुलगा मात्र दोन वर्षांनी डिग्री पूर्ण न करताच गेला. घरची कारणं होती, शिवाय मोजण्यासारखे पेपर त्याच्या नावावर नव्हते. एकदा मी हिशेब करून पाहिला. माझा एक आकडा, आणखी एका सिनिअरचा वेग, दुसऱ्या गटातल्या एकाच्या मेमरीच्या बचतीचा दावा, असे तीन निकाल त्याने शांतपणे, खुर्ची न वळवता खोटे ठरवले होते. ते तिन्ही निकाल कुठे छापले गेले नाहीत, त्यामुळे त्याचं नाव येण्यासारखी जागाही कुठे निर्माण झाली नाही. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात प्रकाशित पेपरांचा रकाना असतो. न छापलेल्यांचा नसतो. माझ्या पेपरात सहलेखक म्हणून नाव घालते म्हटलं तर तो म्हणाला, “मी तर फक्त चालवून बघितलं.” आभारात आहे त्याचं नाव.

मी आता त्याच लॅबमध्ये शिकवते. कासव दोनदा बदललं, नाव तेच आहे. वहीचीही तीच पद्धत, दोरी नवी. विद्यार्थ्याने आकडा आणला की तो आधी स्वतःच्या लॉगिनवरून चालवायचा, आणि मग एका चार अक्षरांच्या लॉगिनवरून. हे लॉगिन कोणाचं, हे नव्या मुलांना माहीत नाही; काहींना वाटतं ते मुद्दाम चाचणीसाठी बनवलेलं खातं आहे. शास्त्रीयदृष्ट्या याची आता गरज नाही, 256 जागांची स्क्रिप्ट आपोआप फिरते आणि मेमरीची जागाही दर वेळी बदलते.

दर वर्षी जूनमध्ये कॉम्प्युटर सेंटरकडून यादी येते: खालील खाती विद्यापीठ सोडून गेलेल्यांची आहेत, बंद करायची का? त्याचं खातं त्यात असतंच. परवा यंदाची यादी आली. बाकी सहा नावांपुढे ‘बंद करा’ लिहिलं आणि त्याच्यापुढे, दर वर्षीप्रमाणे, ‘वापरात आहे’. उत्तर पाठवून कासवाच्या खोलीकडे गेले तर वहीत रात्री दहा ते सहाच्या रकान्यात कोणीतरी पेन्सिलीने त्याचंच लॉगिन लिहून ठेवलं होतं.